न्यायासनास पाठविलेलें एक पत्र

टीकालेखाचा विषय म्हटला म्हणजे काव्य, नाटक अथवा कादंबरी, असा संकेत आमच्या मासिकांतून चालत आला आहे. निबंधास त्यांत मधूनमधून जागा मिळते. अर्ज, विनंतिपत्रें व निवाडे यांस मुळींच मिळत नाहीं. वास्तविक मराठी गद्याचा बराचसा जुना भाग पत्रांनीं आणि महजरांनींच व्यापलेला आहे. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकरां'त जें लिहिलें त्यास आपण आजही 'शतपत्रें' म्हणूनच ओळखतों. तेव्हां एका पत्राची चिकित्सा करण्यास आम्ही बसलों तर वाचकांनीं नवल करूं नये. हें पत्र मराठींत नाहीं, इंग्रजींत आहे; तें कोणा साहित्यिकानें लिहिलेलें नाहीं, कायद्याच्या चार अध्यापकांनीं लिहिलें आहे; आणि ज्यांस लिहिलें ते भारताचे सरन्यायाधीश होते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघे. पत्रावर तारीख १६ सप्टेंबर १९७९ ची आहे. त्या वेळीं सरन्यायाधीशपदीं यशवंत विष्णु चंद्रचूड होते, म्हणजे आमच्या पुण्याचेच.

पत्राचें मूळ जें प्रकरण तें थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. चांदा जिल्ह्यांत (आतां गडचिरोली जिल्ह्यांत) देसाईगंज म्हणून गांव आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं तेथील पोलिस ठाण्यांत मजुरी करून पोट भरणारी एक पोरकी आदिवासी मुलगी आपल्या भावाबरोबर आली होती. वय चौदा ते सोळांच्या दरम्यान. ती ज्या मुलाशीं लग्न करूं इच्छीत होती त्याच्याविरुद्ध व त्याच्या नातलगांविरुद्ध भावानें तक्रार दिली होती, व त्याच संबंधांत जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास मंडळी घरीं निघालीं, तेव्हां मुलीस मागें ठेवून इतरांस बाहेर जाण्यास सांगण्यांत आलें. नंतर ठाण्यांतील एका शिपायानें तिजवर बलात्कार केला व हवालदारानें अतिप्रसंग केला, अशी तिची फिर्याद. बाहेर लोक जमले, गलका झाला, तेव्हां कोठें तिची फिर्याद नोंदली गेली.

पुढें सहा वर्षें तीन न्यायालयांनीं त्या एका रात्रीचें वाचन केलें. आम्ही जन्मभर वर्गांत उतारे वाचून घेत आलों. एकाच उताऱ्याचे तीन अर्थ निघणें आम्हांस नवीन नाहीं. परंतु येथें अर्थावर माणसाची अब्रू अवलंबून होती. चांद्याच्या सेशन्स न्यायाधीशांनीं १९७४ सालीं ठरविलें कीं मुलगी खोटें बोलते, जें झालें तें तिच्या संमतीनें झालें, आरोपी सुटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १९७६ सालीं हा निकाल फिरवून शिपायास पांच वर्षें व हवालदारास एक वर्ष शिक्षा दिली. पोलिस तिला सर्वस्वी परके होते, अशा परक्यांकडे ती आपण होऊन जाईल हें संभवत नाहीं, आणि भीतीनें निमूटपणें सोसणें म्हणजे रुकार देणें नव्हे, असें त्या न्यायाधीशांचें म्हणणें. १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हेंही फिरविलें. अंगावर जखमा नाहींत. सोबत्यांपासून तिला वेगळें केलें तेव्हां तिनें आरडाओरड केली नाहीं. सबब ती भीतीनें गप्प राहिली असें सिद्ध होत नाहीं, असा एकंदर मथितार्थ. दोघेही निर्दोष सुटले.

साधारण वाचकास एवढेंच ठाऊक होतें कीं सर्वोच्च न्यायालय बोललें म्हणजे बोलणें संपलें. निकाल कायद्याच्या अहवालांत छापून निघाला व वर्षभर कोणी त्याबद्दल 'ब्र' काढला नाहीं. न्यायासनावर टीका करणें ही साधी गोष्ट नव्हती. केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद यांनीं न्यायसंस्था वर्गीय पक्षपात करते असें बोलून दाखविलें, म्हणून १९७० सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच त्यांस बेअदबीबद्दल दोषी ठरविलें होतें. १९७१ च्या कायद्यानें अंतिम निकालाच्या गुणदोषांची योग्य चर्चा करण्यास मोकळीक दिली हें खरें; पण 'योग्य' कोणतें हें ठरविणारेही तेच न्यायाधीश. अशा वेळीं चार मास्तरांनीं लेखणी उचलली. मास्तर हा शब्द आम्ही आदरानें वापरतों.

आतां पत्राच्या गद्याकडे वळूं. पहिली गोष्ट अशी कीं तें रागावलेलें आहे, आणि राग त्यानें लपविलेला नाहीं. तरी शब्दाशब्दांत पदाचा मान राखलेला आहे. हें जमविणें सोपें नव्हे. आमच्या भाषेंत सत्तेशीं भांडण्याची जी रीत रूढ आहे ती उपरोधाची. १८९७ सालीं 'केसरी'नें 'सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय?' असें विचारलें तेव्हां त्या प्रश्नास उत्तराची अपेक्षा नव्हती. तो प्रश्न म्हणजे प्रहारच होता. सरकार परकें होतें, तेव्हां तें शोभलें. चौघां अध्यापकांचे प्रश्न निराळ्या जातीचे आहेत. त्यांस उत्तर हवें आहे, कारण ज्यांस ते विचारले ते न्यायाधीश त्यांचेच आहेत. मुलीचें वय, तिची गरिबी, हक्कांविषयींचें तिचें अज्ञान, वकिलाचा अभाव आणि आपल्या देशांत गरीब माणसास पोलिस ठाण्याचें वाटणारें भय यांपैकीं एकाचाही विचार निकालांत कां नाहीं? रात्रीच्या वेळीं एका मुलीस ठाण्यांत डांबून ठेवणाऱ्या पोलिसांबद्दल निषेधाचा एक शब्दही कां नाहीं? याच न्यायालयानें थोडेच महिने आधीं, १९७८ सालींच, नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणीं स्त्रियांस ठाण्यांत बोलावण्याच्या प्रथेस दोष दिला होता, याची आठवण पत्र करून देतें. सत्पथीबाई ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री. मनेका गांधींच्या पारपत्राच्या खटल्यांतही न्यायालयानें नागरिकांच्या स्वातंत्र्याची मोठी बूज राखली. शहरांतल्या सुखवस्तु स्त्रियांस जें मिळालें तें मोलमजुरी करणाऱ्या निरक्षर मुलीस कां मिळूं नये, हा पत्राचा खरा बोचरा प्रश्न आहे; तो विचारतांना लेखकांचा आवाज कोठेंही चढत नाहीं.

पत्राचें मर्म एका शब्दभेदांत आहे. संमतींत शरण जाणें अंतर्भूत असतें, पण शरण गेलें म्हणजे संमति दिली असें होत नाहीं, हें त्याचें प्रतिपादन. उच्च न्यायालयानें हा भेद ओळखला होता, याचें श्रेय पत्रानें मोकळेपणानें त्यास दिलें आहे. वाचकांनीं क्षणभर आपल्या घरांतलेंच उदाहरण घ्यावें. वडील माणसानें डोळे वटारले कीं सून 'बरें' म्हणते; त्या 'बरें'चा अर्थ काय, हें त्या घरांत कोणास कळत नाहीं असें नाहीं. मोलकरणीस पगार कापून दिला व ती मुकाट्यानें घेऊन गेली, तर तिला तो मान्य होता असें आपण म्हणतों. तेंही मनांतून खरें मानीत नाहीं. मौन हें संमतीचें लक्षण, ही म्हण आपण किती सहज उच्चारतों! बरोबरीच्या माणसांत ती कदाचित् खरी असेल. ठाण्याच्या बंद दाराआड, गणवेशांतल्या माणसासमोर, ती खरी नव्हे. न्यायाधीशांनीं कायद्याच्या शब्दांस धरून निकाल दिला असें त्यांच्या वतीनें म्हणतां येईल. भय म्हणजे मृत्यूचें किंवा इजेचें, असें दंडसंहितेंत लिहिलें होतें व तें पुराव्यानें शाबीत व्हावयास हवें होतें. संशयाचा फायदा आरोपीस मिळावा हें तत्त्वही आपण सोडूं इच्छीत नाहीं. पण चौघांची तक्रार तत्त्वाविषयीं नव्हती. भय ओळखावयाचें तें कोणत्या खुणांनीं, एवढाच त्यांचा वाद. जखम आणि किंकाळी याच खुणा मानल्या, तर ज्याला किंचाळण्याचीही भीति वाटली त्याचें भय कोठेंच नोंदलें जाणार नाहीं.

पत्रांत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतील वाक्यें जागजागीं लांबतात आणि वकिली कंसांनीं अडखळतात. शिवाय एके ठिकाणीं लेखकांनीं त्या मुलीच्या नांवाचें अनेकवचन करून देशांतील सर्व मुक्या, गरीब स्त्रियांस तें लावलें आहे. वक्तृत्व म्हणून हें प्रभावी ठरलें. पण तेथें ती मुलगी क्षणभर हरवते आणि तिच्या जागीं एक प्रतीक उभें राहतें. तिची खरी कड घेतली गेली आहे ती वय, रात्र, दार, भाऊ असले साधे तपशील जेथें येतात तेथें.

दुसरें स्थळ याहूनही विचार करण्याजोगें आहे. सरन्यायाधीशांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गरिबाच्या वेषांत, कोणी ओळखणार नाहीं अशा रीतीनें, जवळपासच्या ठाण्यांस भेट द्यावी, असें पत्र सुचवितें. हें वाचतांना आम्हांस हसूं आलें, आणि मग वाईट वाटलें. वेषांतर करून रात्रीं नगरांत फिरणारा राजा आमच्या ओळखीचा आहे. लहानपणीं विक्रमाच्या व हरून-अल-रशीदच्या गोष्टींत तो आम्हांस भेटला. न्यायाची आमची कल्पना अद्यापि अशीच एका थोर पुरुषाभोंवतीं घुटमळते. रामशास्त्री प्रभुण्यांनीं राघोबादादांस नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगितलें व पुणें सोडलें, ही कथा आम्ही मुलांस अभिमानानें सांगतों, व सांगावीच. पण रामशास्त्री नसतां काय करावयाचें, हें त्या कथेंत नाहीं. बाकीच्या सर्व पत्रांत जे लेखक पद्धति मागतात, कारणें मागतात, लेखी उत्तर मागतात, तेच या एका ओळींत एकदम जुन्या दंतकथेंत शिरतात. आम्ही याला दोष म्हणावें कीं त्यांच्या हताशपणाची खूण म्हणावी, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

लेखकांनीं प्रकरण मोठ्या पीठापुढें पुन्हा चालवावें अशी विनंति केली होती. तसें झालें नाहीं. १९७८ चा निकाल कायम राहिला. पण पत्र चक्रमुद्रित होऊन हातोहातीं फिरलें, वृत्तपत्रांत आलें, मुंबईंत स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि ८ मार्च १९८० रोजीं अनेक शहरांतून मोर्चे निघाले. न्यायासनानें जें उत्तर दिलें नाहीं तें संसदेस द्यावें लागलें. १९८३ च्या दुरुस्तीनें, पोलिसाच्या ताब्यांत असतांना शरीरसंबंध झाला हें सिद्ध झालें व आपली संमति नव्हती असें स्त्रीनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें गृहीत धरावें, असा नियम पुराव्याच्या कायद्यांत आला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति मानूं नये, हें स्पष्ट शब्दांत लिहिलें जावयास २०१३ साल उजाडावें लागलें. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागीं नव्या आल्या. त्यांतही हीं दोन्हीं तत्त्वें कायम आहेत. म्हणजे चार अध्यापकांनीं दाखविलेला शब्दभेद कायद्याच्या पुस्तकांत शिरण्यास चौतीस वर्षें लागलीं. वाङ्मयाच्या इतिहासांत एखाद्या निबंधानें एवढें साधलें असें उदाहरण आम्हांस सहसा आढळत नाहीं.

पत्र मात्र जिच्याविषयीं होतें तिला वाचतां येण्यासारखें नव्हतें. त्याचें चांगलें मराठी भाषांतर शाळा-कॉलेजांच्या गद्यवेच्यांत असावें असें आम्हांस फार दिवस वाटत आलें आहे. आगरकरांच्या निबंधांशेजारीं तें खासच शोभेल. त्याच १९८३ च्या दुरुस्तीनें अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणें हा गुन्हा ठरविला. ज्या मुलीमुळें हा नियम झाला तिचें नांव मात्र कायद्याच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत प्रकरणाचें शीर्षक म्हणून अजून छापलें जातें, आणि विद्यार्थी तें परीक्षेसाठीं पाठ करतात. आम्हीं तें या लेखांत कोठेंच घातलेलें नाहीं.