अडुसष्टावी खुर्ची

मार्चच्या मध्यावर एक रविवार असा येतो, की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळाडूंपेक्षा बारा जणांची एक समिती जास्त भाव खाऊन जाते. या दिवसाला 'सिलेक्शन संडे' म्हणतात. भारतात तेव्हा सोमवारची पहाट असते. एनसीएएच्या स्पर्धेत कोणते संघ खेळणार आणि कोण कोणासमोर उभं राहणार, हे टीव्हीवर एकेक करून जाहीर होतं. पुढचे तीन आठवडे ज्याला 'मार्च मॅडनेस' म्हणतात, त्याचा आराखडा या तासाभरात ठरतो. माझ्या मते स्पर्धेतला सगळ्यात महत्त्वाचा सामना हाच असतो, फक्त तो बंद खोलीत खेळला जातो.

आधी गणित बघू. २०११ साली संघांची संख्या ६८ झाली. २०२५ मध्ये त्यातले ३१ संघ आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून थेट आत आले. उरलेल्या ३७ जागा समितीने वाटल्या. थेट प्रवेशाबद्दल वाद नाही, जिंकलात की आलात. भांडण असतं ते या ३७ मधल्या शेवटच्या पाच-सहा जागांवर. तिथे लटकलेल्या संघांना 'बबल'वरचे संघ म्हणतात. बुडबुडाच तो, कधी फुटेल सांगता येत नाही.

समितीच्या हातात आकडे भरपूर असतात. १९८१ पासून २०१८ पर्यंत आरपीआय नावाचं सूत्र वापरलं जायचं. त्यात संघाच्या स्वतःच्या जय-पराजयाला फक्त २५ टक्के भार होता. उरलेले ७५ टक्के विरोधकांचा आणि विरोधकांच्या विरोधकांचा हिशेब. त्याच्या जागी 'नेट' ही क्रमवारी आली. ती जास्त हुशार आहे, पण तिचं पूर्ण सूत्र जाहीर केलेलं नाही. शिवाय या क्रमवारीवरून प्रत्येक सामना चारपैकी एका 'क्वाड्रंट'मध्ये पडतो. घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधल्या संघाशी, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधल्याशी किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधल्याशी खेळलात, तर तो 'क्वाड वन' सामना. बबलवर सगळ्यात जास्त बोललं जातं ते याच सामन्यांबद्दल.

खरी मेख इथे आहे. मोठ्या कॉन्फरन्समधल्या संघाला असे सामने हंगामभर आपोआप मिळतात, कारण शेजारीच तगडे आहेत. २०२५ मध्ये एसईसी या एका कॉन्फरन्सच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला. छोट्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या संघाशी खेळायला मात्र मोठी कॉलेजं फारशी उत्सुक नसतात. जिंकलं तर कौतुक नाही आणि हरलं तर बदनामी, मग कशाला बोलवा? म्हणजे आपण गुणवत्ता मोजतोय असं वाटत असताना बरीचशी संधीच मोजली जाते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजवायला नको.

२०२४ मधली इंडियाना स्टेटची गोष्ट याचं ठसठशीत उदाहरण आहे. लॅरी बर्ड जिथून खेळला आणि ज्या संघाने १९७९ ची अंतिम फेरी गाठली, तेच हे कॉलेज. २८ विजय, ६ पराभव आणि नेटमध्ये पहिल्या तिसांत जागा. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेकने त्यांना हरवलं आणि थेट प्रवेश हुकला. समितीने त्यांना बाहेर ठेवलं. नेटमध्ये त्यांच्या बराच खाली असलेला व्हर्जिनियाचा संघ आत आला.

पुढे व्हर्जिनिया पहिल्याच सामन्यात कोलोरॅडो स्टेटकडून ६७-४२ असा हरला आणि चाहत्यांनी 'बघा, आम्ही म्हणालो होतो' अशी ओरड केली. ही ओरड मला पटत नाही. एका सामन्याने निवड चूक ठरत नाही, तशी बरोबरही ठरत नाही. कोड एकदा चाललं म्हणजे त्यात बग नाही असं कोणी म्हणत नाही. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना शेवटच्या जागांपैकी एका जागेवर आत आलं. क्वाड वनमध्ये त्यांचा हिशेब होता १ विजय आणि १२ पराभव. समितीचे अध्यक्ष त्याच विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. नियमाप्रमाणे त्या चर्चेत ते खोलीबाहेर होते, तरीही गदारोळ झालाच. बाहेर राहिलेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरनी चौकशीची भाषा केली. मग नॉर्थ कॅरोलायनाने सॅन डिएगो स्टेटला ९५-६८ असं धुतलं. निवड योग्य होती हे त्यातून सिद्ध झालं का? अजिबात नाही. निर्णय तपासायचा तो रविवारी हातात जी माहिती होती तिच्यावर.

आणि त्या माहितीबाबत समितीची भाषा बदलत राहते. एकाला घेताना 'कोणाला हरवलं' हे बोललं जातं, तर दुसऱ्याला घेताना 'किती चांगला खेळतो' हे. दोन्ही निकष योग्य आहेत, पण ते वेगवेगळे आहेत. आधी निवड आणि मग तिला शोभणारा निकष, असा संशय यायला एवढं पुरतं. मतदानही गुप्त असतं, त्यामुळे संशय फिटण्याची सोय नाही. प्रश्न नुसत्या मानाचा नाही. स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांच्या हिशेबाने कॉन्फरन्सला पैसे मिळतात आणि एका वाट्याचे सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर होतात. छोट्या कॉन्फरन्ससाठी ही रक्कम फार मोठी आहे.

सीडिंगची गंमत वेगळीच. प्रत्येक विभागात १ ते १६ क्रमांक आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी. १९८५ पासून २०२५ पर्यंत सोळाव्याने पहिल्याला फक्त दोनदा हरवलं: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला. पण मधल्या क्रमांकांत एक जुना बग आहे. आठवा किंवा नववा क्रमांक मिळाला, की दुसऱ्या फेरीत बहुतेक वेळा पहिला क्रमांक समोर. म्हणून शेवटच्या सोळांत दहावे, अकरावे, बारावे संघ आठव्या-नवव्यांपेक्षा जास्त वेळा पोचलेत. हंगामभर राबून दहाव्याचे नववे व्हायचं आणि बक्षीस म्हणून वाट अवघड करून घ्यायची! त्यात एकाच कॉन्फरन्सच्या संघांना लवकर भिडवायचं नाही, बीवायूला रविवारी खेळवायचं नाही, अशा अटी सांभाळताना समिती एखाद्याला एक क्रमांक वर-खाली सरकवू शकते.

मग सगळं कॉम्प्युटरवर सोपवायचं का? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणूनच सांगतो, नको. सूत्रातही कोणाची तरी मतं दडलेली असतात, आणि क्वाड्रंटच्या सीमाही कोणीतरी माणसानेच आखल्यात. २०२५ च्या निवडीसाठी समितीसमोर 'विन्स अबव्ह बबल' हा आकडा आला. तुमच्याच वेळापत्रकावर एखादा बबलवरचा संघ खेळला असता, तर त्याने किती सामने जिंकले असते आणि तुम्ही त्यापेक्षा किती जास्त जिंकलात, हे तो सांगतो. जे सामने मिळालेच नाहीत त्यांची शिक्षा तो देत नाही. शेवटच्या पाच-सहा जागांसाठी हाच मुख्य निकष असेल असं हंगामाआधी जाहीर करावं, आणि तो डावलला तर कारण लेखी द्यावं. एवढंच.

थेट प्रवेशाला मात्र कोणी हात लावू नये. २०२४ मध्ये एनसी स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसीची स्पर्धा मारली, बबलवरच्या कोणाची तरी जागा खाल्ली आणि अकराव्या क्रमांकावरून थेट फायनल फोर गाठलं. त्या खाल्लेल्या जागेबद्दल मी एकही तक्रार ऐकली नाही. ती कोणी दिली नव्हती, त्यांनी ती मैदानावर सगळ्यांसमोर घेतली होती. समितीने दिलेल्या ३७ जागांबद्दल लोकांना असं वाटत नाही, आणि ते वाटायला लावणं हे समितीचं काम आहे.