गळा कुणाचा, चेहरा कुणाचा

२०२५ च्या मार्चमध्ये एक रेकॉर्ड निघाली. 'कान्ट लूज माय सोल'. गाणारं कुटुंब अ‍ॅनी अँड द कॉल्डवेल्स. गाव वेस्ट पॉइंट, मिसिसिपी. सहाच गाणी. मी ती पहिल्यांदा ऐकली ती मोबाईलवर, लोकलच्या दारात उभा राहून, आणि दादर कधी मागे पडलं कळलंच नाही. कौतुक म्हणून सांगत नाही, कामाला उशीर झाला म्हणून सांगतोय.

आई गाते. मुली झील धरतात. बाप गिटारवर, पोरं बास आणि ड्रमवर. काचेमागे बसून एकेकट्याने गाणं भरायचं, मग कुणीतरी ते चिकटवायचं, असला प्रकार नाही. गावातल्याच एका चर्चमध्ये सगळे एकत्र उभे राहिले आणि गायले. ते कानाला कळतं. रेकॉर्डला ज्याचं नाव आहे ते गाणं दहाएक मिनिटं चालतं. बास एकच ओळ धरून बसतो, सोडतच नाही. गिटार मधूनच चिमटा काढते. आणि अ‍ॅनीबाई गाते गाते आणि शब्द संपले की नुसता आवाज लावते, आवाज फाटला की श्वासावर निभावते. मुली तीच ओळ पुन्हा पुन्हा परत देतात. आपला सदाशिवपेठी समीक्षक याला पुनरुक्तिदोष म्हणेल. म्हणू दे. त्याने जलसा उभ्याने कधी ऐकलेला नाही. तीच ओळ पाचव्यांदा आली की तिचा अर्थ बदलतो आणि नवव्यांदा आली की पाय बदलतात, हे खुर्चीत बसून समजणारं ज्ञान नव्हे.

'राँग' हे गाणं मुलगी डेबोरा गाते. वाट चुकल्याची कबुली, आणि खाली चक्क डिस्कोचा ठोका. पश्चात्ताप आणि नाच एकाच तालात. इथेच आपल्या अभ्यासवर्गातला एक दोस्त उसळला. म्हणाला, "आरं, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण, आन् तू येशूच्या गाण्यावर कंबर हलवतो व्हय?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. देव मलाही नको आहे. पण हे गाणं वर आभाळात जन्मलेलं नाही, ते कायद्याच्या बुटाखाली जन्मलं. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत माणसं गोळा करत ते निघाले. उठाव चिरडला गेला आणि १७४० च्या कायद्याने गुलामांच्या हातातले ढोल काढून घेतले. गोऱ्याला बरोबर कळलं होतं की ढोल ही भाषा आहे. मग ढोल कुठे गेला? पायात गेला, टाळीत गेला, मांडीवर गेला. रिंग शाउट नावाचा प्रकार होता. गोल करून पाय घासत फिरायचं आणि गायचं. नियम एकच, पायावर पाय पडता कामा नये. पाय ओलांडला तर तो नाच, म्हणजे पाप. नाही ओलांडला तर प्रार्थना. एका पावलाची चलाखी! धनी बघतोय, पाद्री बघतोय, आणि त्यांच्या नाकासमोर ही माणसं आपलं अंग आपल्याकडे परत घेतायत.

आपल्याकडे उलटं होतं. त्यांचा ढोल कायद्याने काढून घेतला, आपल्या गळ्यात हलगी रूढीने अडकवली. सण गावाचा, वरात पाटलाची, पुढे वाजवत जाणारा आपला आज्जा, आणि देवळाच्या पायरीपाशी आला की तो बाहेर. बाबासाहेबांचं ऐकून कितीतरी वस्त्यांनी गावकीची ती वाजवणूक टाकली ती त्या ताठ मानेपायी. ढोल परत मिळवणं हा त्यांचा विद्रोह, ढोल खाली ठेवणं हा आपला. म्हणून त्यांच्या गाण्याकडे बघताना आपला चष्मा जसाच्या तसा चालणार नाही, एवढंच त्या दोस्ताला माझं म्हणणं.

आणखी एक. ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत नाव घेतलं, त्या पक्षाचा स्वतःचा सोल बँड होता. नाव 'द लम्पेन'. पक्षाचं वर्तमानपत्र बांधता-वाटता जी पोरं गात होती त्यांचाच तो बँड. १९७० साली त्यांची एक रेकॉर्ड निघाली, बॉबी सीलच्या सुटकेची मागणी करणारी. बाजारात गाजलेल्या सोल गाण्यांच्या चाली घ्यायच्या आणि शब्द आपले घालायचे, हे त्यांचं तंत्र. आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि मजकूर बदलला, ते दुसरं काय होतं? चाल ही कुणाच्या बापाची इस्टेट नाही.

खरं तर चर्चवाल्यांनासुद्धा हे संगीत सुरुवातीला नकोच होतं. टॉमस डॉर्सी हा माणूस १९२८ साली चावट ब्लूज रेकॉर्ड करून पैसे मिळवत होता. १९३२ ला बाळंतपणात बायको गेली, मागोमाग मूल गेलं. त्या दुःखातून त्याने जे गाणं लिहिलं ते पुढे काळ्या अमेरिकेच्या प्रत्येक मयताला गायलं गेलं. ब्लूजची चाल आणि देवाचे शब्द. प्रतिष्ठित काळ्या चर्चनी नाकं मुरडली, हे बाटलेलं संगीत आहे म्हणून. बाटलेलं! हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

उलटा प्रवासही झाला. रे चार्ल्सने १९५४ मध्ये एका गॉस्पेल गाण्याच्या जागी बाई आणली आणि सोल संगीताला तोंड फुटलं. सॅम कुक १९५७ मध्ये गॉस्पेल सोडून बाहेर पडला. ही सगळी कथा पुस्तकांत आहे, ती मी इथे चघळत बसत नाही. मला सांगायचंय ते नाचघराचं.

१९७७ ते १९८७ या काळात न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवर पॅराडाइज गराज नावाचं नाचघर होतं. गाडीतळाच्या इमारतीत. लॅरी लेव्हन तबकड्या लावायचा. येणारे बहुतेक काळे, लॅटिनो, आणि त्यातले बरेच समलिंगी. म्हणजे गोऱ्यांनी बाहेर ठेवलेले आणि वर आपल्याच चर्चनेही बाहेर ठेवलेले. दुहेरी गावकुसाबाहेर. या मजल्यावर लेव्हन मध्यरात्रीनंतर काय लावायचा? 'स्टँड ऑन द वर्ड'. ब्रुकलिनमधल्या क्राउन हाइट्सच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये फिलिस जुबर्ट या बाईने १९८२ साली मुलांच्या गळ्यातून गाऊन घेतलेलं भजन. साधा पियानो, पोरांचा कोवळा आवाज. ज्यांना त्या चर्चच्या बाकावर ताठ मानेने बसू दिलं नसतं ते पहाटे चारला त्या भजनावर घामाने निथळत नाचत होते. देव त्यांना भेटला की नाही मला ठाऊक नाही. एकमेकांना ते भेटत होते, एवढं नक्की.

सिल्व्हेस्टर घ्या. लॉस एंजेलिसच्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये लहानपणी गाऊन लोकांना रडवणारं पोर. पंथ चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट. हा पंथ गमतीचा आहे. उपासनेत ड्रम चालतो, डफ चालतो, अंगात आल्यासारखं नाचणंही चालतं. या सगळ्या संगीताचा अर्धा दारूगोळा तिथलाच. पण पोरगं बायकी आहे म्हटल्यावर कुजबुज, छळ, आणि किशोरवयातच त्याने चर्च सोडलं. १९७८ मध्ये तोच गळा 'यू मेक मी फील (मायटी रिअल)' घेऊन जगभरच्या डान्स फ्लोअरवर आला. मागे झील धरायला मार्था वॉश आणि इझोरा, दोघीही गॉस्पेलमध्ये तयार झालेल्या. १९८८ साली एड्सने तो गेला. जाताना गाण्यांचं उत्पन्न एड्सशी लढणाऱ्या संस्थांच्या नावे करून गेला.

त्याच पंथातल्या डेट्रॉइटच्या क्लार्क सिस्टर्स. १९८१ चं त्यांचं 'यू ब्रॉट द सनशाइन' नाचघरांत गेलं आणि गाजलं. त्यांची आई मॅटी मॉस क्लार्क ही स्वतः गॉस्पेलमधली मोठी बाई. मुलींबरोबर ग्रॅमीच्या मंचावर उभी राहिली म्हणून पंथाच्या वरिष्ठांनी तिलाच झापलं. तेव्हा गॉस्पेलचं गुणगान करताना आपण चर्चला सूट देऊ नये. बाहेरून मारणारा वेगळा आणि घरातला मारणारा वेगळा असतो, पण वळ सारखेच उठतात.

आता बाजार. लोलिअ‍ॅटा हॉलोवे, शिकागोची. तरुणपणी कॅरव्हॅन्स या गॉस्पेल गटात गायलेली. १९८० मध्ये तिने 'लव्ह सेन्सेशन' गायलं. १९८९ साली ब्लॅक बॉक्स नावाच्या इटालियन मंडळींनी त्या गाण्यातली तिची किंकाळी कापून घेतली, खाली पियानो ठोकला आणि 'राइड ऑन टाइम' काढलं. ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिला नंबर, त्या वर्षीची तिथली सगळ्यात जास्त खपलेली रेकॉर्ड. टीव्हीवर मात्र एक शिडशिडीत मॉडेल ओठ हलवते आहे. तीही काळीच, कॅरिबियनमधली. तिच्याशी आपलं भांडण नाही. तिचंही अंगच वापरलं. पण गळ्याचा मालक कोण? हॉलोवेला वकील गाठावा लागला तेव्हा कुठे तडजोड झाली. पुढच्याच वर्षी मार्था वॉशची तीच गत. आवाज तिचा, व्हिडिओत बाई दुसरी. ती जाड आहे, पडद्यावर विकली जाणार नाही, हा हिशोब. तीही कोर्टात गेली आणि तिनेही वसूल केलं.

ही चोरी मला नुसती पैशाची वाटत नाही. श्रम घ्यायचे आणि श्रम करणारा नजरेआड ठेवायचा, ही रीत आहे. आपली आई बंगल्यात स्वयंपाक करते आणि पाहुणे आले की मोरीपाशी बसते. ताटातली भाजी 'वहिनींच्या हाताची'.

आता पुन्हा कॉल्डवेल बाईंकडे येतो, कारण त्यांच्या रेकॉर्डच्या मागे आणखी एक रेकॉर्ड आहे. अ‍ॅनी लहान असताना भावांबरोबर गायची. मिसिसिपीतल्याच अ‍ॅबर्डीनची ब्राउन भावंडं, नाव स्टेपल्स ज्युनिअर सिंगर्स. स्टेपल सिंगर्सच्या प्रेमापायी घेतलेलं नाव. १९७५ साली या पोरांनी स्वतः एक रेकॉर्ड काढली आणि घरासमोरच्या अंगणात मांडून विकली. नाव काय होतं? 'व्हेन डू वुई गेट पेड'. आमची मजुरी कधी देणार! स्टेपल सिंगर्सनी १९७० च्या सुमारास हाच प्रश्न अख्ख्या अमेरिकेला विचारला होता. रेल्वेचे रूळ आम्ही टाकले, कापूस आम्ही वेचला, मग पैसे? पोरांनी तो उचलला आणि आपल्या अंगणातून पुन्हा विचारला. ती रेकॉर्ड पुढे संग्राहकांच्या हातात गेली आणि २०२२ मध्ये लुआका बॉप कंपनीने परत काढली.

हे आता एक शास्त्रच झालंय. शिकागोच्या नुमेरोने २००६ मध्ये 'गुड गॉड!' काढून जुनं गॉस्पेल-फंक गोळा केलं, २०१६ मध्ये 'डिव्हाइन डिस्को' आली. चर्चच्या तळघरात धूळ खात पडलेल्या तबकड्या शोधायच्या, साफ करायच्या, डीजेंना विकायच्या. काम चांगलं आहे. नाहीतर त्या गेल्याच होत्या. पण वेष्टणावरची भाषा वाचा. 'दुर्मिळ', 'अस्सल', 'कच्ची ऊर्जा'. आपल्याला ही भाषा पाठ आहे. आपली आत्मकथा हातात आली की प्रस्थापित प्रकाशक असंच बोलतो. अस्सल वेदना, मातीचा वास. वेदना अस्सल असली की व्याकरण, बांधणी, विचार यांवर बोलायची गरज उरत नाही. अ‍ॅनी कॉल्डवेलचा गळा ही 'कच्ची ऊर्जा' नाही. पन्नास वर्षांच्या रियाजाचा तो पक्का माल आहे. कुठे ओढायचं, कुठे सोडायचं, मुलीला ओळ कधी द्यायची, हे तिला ठाऊक आहे. ते कसब आहे. कसबाला कसब म्हणा.

लुआका बॉप गोऱ्या रॉक गायकाने, डेव्हिड बर्नने, काढलेली कंपनी. मला संशय येतो, येणारच. तरी न्यायाने बोलायचं तर इथे जुनी तबकडी पुसून काम भागवलेलं नाही. जिवंत माणसांना त्यांच्या गावात जाऊन, त्यांच्या नावाने, नवीन गायला लावलंय. गळा अ‍ॅनीचा आणि चेहराही अ‍ॅनीचा.

खोड काढायचीच तर संथ गाणी मला लांबल्यासारखी वाटतात. तिथे ठोका मागे सरतो आणि नुसती विनवणी पुढे येते, आणि विनवणी ऐकली की माझा कान आपोआप बंद होतो. तो दोष माझा की गाण्याचा, मला ठरवता आलेलं नाही. पण ठोका परत आला की ती बाई विनवत नाही, बजावते.

अ‍ॅनी कॉल्डवेलचं वेस्ट पॉइंटमध्ये कपड्यांचं दुकान आहे. चर्चच्या मोठ्या मेळाव्यांना जाणाऱ्या बायकांचे झगे आणि सूट तिथे मिळतात.

रविवारी संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत सहाही गाणी ऐकायची आहेत. तो उसळलेला दोस्त येतो म्हणालाय, भांडायलाच येतोय. मोबाईलवर बास ऐकू येत नाही. कुणाकडे मोठा स्पीकर असेल तर आणा, जयंतीचा तो फाटलेला नको.