तीन काळी वर्तुळे : खांद्याच्या बधिरीकरणातील एका चित्राची चिकित्सा

खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेतील मज्जातंतू बधिर करण्याच्या रूढ पद्धतीला विनी यांनी १९७० साली निश्चित रूप दिले. पुढचा व मधला स्केलीन स्नायू यांमधील खोबण बोटांनी चाचपून तेथे सुई घालावी, अशी ती पद्धत होती. पुढे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र आले आणि बोटांची जागा पडद्याने घेतली. हा लाभ मोठा आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याबरोबर एक चित्रही रूढ झाले : दोन स्नायूंच्या मध्ये, वाहतुकीच्या दिव्याप्रमाणे, एकाखाली एक अशी तीन काळी वर्तुळे. प्रस्तुत टिपणाचा विषय हे चित्र होय.

ही वर्तुळे म्हणजे पाचवे, सहावे व सातवे ग्रीवामूळ, असे विद्यार्थी निःशंकपणे सांगतो. वस्तुतः पुष्कळदा वरचे वर्तुळ पाचव्या मुळाचे असते आणि खालची दोन एकट्या सहाव्या मुळाचे विभाग असतात. हा भेद केवळ नावाचा नव्हे. दोन स्वतंत्र मुळांमधील फट समजून या दोहोंमध्ये सुई घातली, तर औषध मज्जातंतूच्या आतच जाण्याचा धोका उद्भवतो.

चित्रात जे दिसत नाही, ते अधिक चिंतनीय आहे. पाचवे मूळ काही व्यक्तींत खोबणीतून न जाता पुढच्या स्केलीन स्नायूतून किंवा त्याच्या पुढून जाते. मधल्या स्केलीन स्नायूतून दीर्घ वक्षीय मज्जातंतू आणि पृष्ठस्कंधीय मज्जातंतू जातात. बाहेरून आत येणाऱ्या सुईचा मार्ग नेमका तोच असतो. पहिल्यास इजा झाल्यास खांद्याचे पाते पंखासारखे उचलले जाते. शिवाय काळे वर्तुळ मज्जातंतूचेच असेल असेही नाही. ते रक्तवाहिनीचेही असू शकते.

सर्वांत गंभीर प्रश्न श्वासाचा आहे. श्वासपटलाकडे जाणारा फ्रेनिक मज्जातंतू क्रिकॉइड कूर्चेच्या पातळीवर पाचव्या मुळापासून सुमारे २ मिलिमीटरच अंतरावर असतो. खाली जाताना हे अंतर दर सेंटिमीटरमागे सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. उर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले की, मोठ्या मात्रेने केलेल्या बधिरीकरणात त्या बाजूचे श्वासपटल प्रत्येक रुग्णात दुर्बल झाले. २००८ सालच्या एका अभ्यासात २० मिलिलिटर औषधाने हे प्रमाण शंभर टक्के, तर ५ मिलिलिटरने ४५ टक्के आढळले. निरोगी माणूस हे सहज सोसतो. चुलीच्या धुराने अथवा जुन्या क्षयाने फुप्फुस खंगलेला रुग्ण सोसेलच असे नाही.

मग हे चित्र इतके प्रिय का झाले? नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये संलग्न आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला यंत्रापाशी मिळणारा वेळ मात्र तुटपुंजा असतो. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे अशा प्रत्येक यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. कायद्याचा हेतू सर्वथा न्याय्य आहे, परंतु यंत्र कोठेही नेऊन सराव करता येत नाही. वेळ थोडा असला की मन एका चित्राला चिकटते, आणि शरीररचनेची जागा स्मरण घेते.

यावर उपाय यंत्र सोडण्याचा नव्हे, तर चित्र वाचण्याचा आहे. सातव्या ग्रीवा-मणक्याच्या आडव्या प्रवर्धाला पुढचा उंचवटा नसतो; तेथून आरंभ करून प्रत्येक मूळ वर-खाली माग काढीत ओळखावे. सुई घालण्यापूर्वी रंगीत डॉप्लरने रक्तवाहिन्या पाहाव्यात. श्वास दुबळा असलेल्या रुग्णात मात्रा कमी करावी, किंवा अधिस्कंधीय व कक्षीय मज्जातंतूच स्वतंत्रपणे बधिर करावेत. आणि शवविच्छेदनाची मेज पहिल्या वर्षानंतर विद्यार्थ्यास कायमची परकी होऊ देऊ नये. पडदा केवळ छाया दाखवितो. ती कोणाची, हे ठरविणारे ज्ञान पडद्याबाहेरच मिळवावे लागते.