जात चोरणे आणि चौथे शील

बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. तथापि एका प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे आम्हांस वाटते. कामाच्या ठिकाणी स्वतःची जात दडवणारा मनुष्य चौथ्या शीलाचा भंग करतो काय?

कथेचा निवेदक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो. जातीची विचारणा होताच तो चिडतो, मोठमोठ्या गोष्टी बोलतो, आणि समोरच्यांचा झालेला गैरसमज तसाच राहू देतो. येथे बागुलांची नजर अचूक आहे. हे असत्य एकदा उच्चारून संपत नाही. जेवताना, हसताना, गप्प बसतानाही ते सांभाळावे लागते. मजुरीवरची ही दुसरी मजुरी, आणि तिचा पगार मिळत नाही. उलट त्याचा सहकारी काशिनाथ आपली ओळख झाकत नाही. वाचक साहजिकच काशिनाथाचा होतो. आम्ही मात्र निवेदकास भित्रा म्हणण्यास तयार नाही. काशिनाथाच्या सचोटीलाही चाकूचा आधार लागतो, हे विसरून कसे चालेल?

१९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत असताना परमपूज्य बाबासाहेबांना पारशी नाव धारण करून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या विद्वानाची ही स्थिती! धम्मात कर्माचे मूळ चेतनेत पाहतात. दुसऱ्याला लुबाडण्याची चेतना आणि डोक्यावर छप्पर मिळावे ही चेतना यांना आम्ही एकाच मापाने मोजणार नाही.

असत्य लादण्यात शासनही मागे नव्हते. १९९० च्या दुरुस्तीपर्यंत बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींत स्थान नव्हते. घरी बुद्धवंदना आणि अर्जावर ‘हिंदू’, अशी फरफट अनेकांची झाली. आजही जळकोटहून सोलापूर-पुण्याकडे कामासाठी गेलेल्या तरुणाला खोली पाहताना आडनावच आधी विचारले जाते.

म्हणूनच शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद आम्हांस बोचते. आपलीच वस्तू लपवणारा चोर कसा? बागुलांना हा उपरोध अभिप्रेत असावा. कथेचा शेवट मात्र आम्हांस पूर्णतः पटत नाही. मार खाल्लेला निवेदक मारणाऱ्यांना सोडून मनूला जबाबदार धरतो. हे औदार्य थोर खरे. पण त्यामुळे ज्यांनी हात उगारला, ते सहकारी फारच सहज सुटतात. दुसऱ्या दिवशी ते कामावर नेहमीप्रमाणे हजर झाले असतील.