कॅडीफाइलच्या दोन ओळी

वेब सर्व्हरची मांडणी सांगणारी फाइल सहसा कुणी आवडीने वाचत नाही. बेंगळुरूच्या कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटमधल्या लहानशा कंपनीतही ती बहुधा जुन्या प्रकल्पातून उचललेली असते, आणि चालते आहे तोवर तिला हात लावायचा नाही असा अलिखित नियम असतो. म्हणूनच कॅडी या मुक्तस्रोत वेब सर्व्हरची फाइल पहिल्यांदा उघडणारा थबकतो. पहिल्या ओळीत संकेतस्थळाचे नाव. दुसऱ्या ओळीत ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ ही आज्ञा आणि आत चालणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता. इतकेच. रसिकाने अल्पाक्षरी कवितेपाशी थांबावे तसे आपण या दोन ओळींपाशी थोडे रेंगाळू.

प्रथम डोळ्यांत भरते ते या ओळींत नसलेले. प्रमाणपत्र कोणत्या फोल्डरात आहे, त्याची खासगी किल्ली कुठे, ४४३ क्रमांकाचे पोर्ट कुणी ऐकायचे, ८० क्रमांकावर चुकून आलेल्याला सुरक्षित मार्गावर कसे वळवायचे, यांपैकी एक अक्षरही तिथे नाही. आणि तरीही हे सारे घडते. केवळ नाव लिहिले की एचटीटीपीएस आपोआप लागू होते. ज्याला ते नकोच असेल त्याने नावाआधी मुद्दाम एचटीटीपी असे लिहायचे. म्हणजे येथे सुरक्षितता मागावी लागत नाही, असुरक्षितता मागावी लागते. माझ्या मते कॅडीचे सारे सौंदर्य या एका उलटापालटीत आहे. एप्रिल २०१५ मध्ये मॅट होल्ट या तरुणाने, विद्यार्थिदशेतच, गो भाषेत लिहिलेला हा सर्व्हर जगापुढे ठेवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट ही विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी संस्था सर्वांसाठी खुली झाली, आणि कॅडीने लगोलग तिच्याशी सूत जुळवले.

आता त्या नावामागचा संवाद ऐकू. कॅडी प्रमाणपत्र मागतो तेव्हा संस्था विचारते, हे नाव खरोखर तुझ्या ताब्यात आहे कशावरून? ती एक खूण देते, कॅडी ती सांगितल्या जागी मांडतो, संस्था स्वतः त्या पत्त्यावर येऊन पाहते, आणि काही क्षणांत प्रमाणपत्र हाती पडते. परंतु मला अधिक मोह पडतो तो हा संवाद फसतो तेव्हाच्या वागण्याचा. समजा डोमेन अजून नीट पॉइंट झालेले नाही. संस्थेच्या खऱ्या दारावर पुनःपुन्हा धडका मारल्या तर प्रयत्नांची मर्यादा ओलांडली जाईल आणि दार काही काळ बंदच होईल. कॅडी तसे करत नाही. पहिल्या अपयशानंतर तो लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणीसाठी राखलेल्या सर्व्हरकडे वळतो, तिथे रंगीत तालीम करतो, आणि ती निर्विघ्न पार पडली तरच मुख्य रंगमंचावर येतो. एका संस्थेकडून जमले नाही तर दुसरीकडे, झीरोएसएसएलकडे, विचारून पाहतो. प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेतो, आणि महिनाभर हार मानत नाही. इतकी चिकाटी आणि इतके सौजन्य एकाच स्वभावात नांदावे, याचे कौतुक किती करावे!

मिळालेले प्रमाणपत्र नव्वद दिवसांचे असले, तर त्याचा तिसरा भाग उरला की कॅडी नूतनीकरणाला लागतो; सर्व्हर थांबत नाही. ‘सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय’ असा रात्रीचा फोन ज्यांनी घेतला आहे, त्यांना या निगुतीची किंमत वेगळी सांगायला नको. पुढे या जाणतेपणात आणखी एक पदर आला. २०२४ पासून कॅडी केवळ स्वतःच्या हिशेबावर विसंबत नाही. नूतनीकरण केव्हा करावे हे तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाच विचारतो, म्हणजे काही दोषामुळे तिला प्रमाणपत्रे अकाली रद्द करावी लागली, तरी नवे आधीच येऊन बसलेले असते.

आणि हे काम अखंड चालू आहे. मे २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली ती आतून सर्वस्वी नव्याने लिहिलेली. एप्रिल २०२५ च्या २.१० आवृत्तीत भविष्यातल्या क्वांटम संगणकांचा मारा गृहीत धरून केलेली किल्ल्यांची देवाणघेवाण मूळ स्वभावातच दाखल झाली. शिवाय, आपण कोणत्या संकेतस्थळाकडे चाललो आहोत ते नावसुद्धा वाटेतल्या कुणाला दिसू नये, अशी सोय हवी त्याला करता येऊ लागली. यातले विस्मयकारक पाहा: किल्ल्यांच्या त्या नव्या पद्धतीसाठी आपल्या दोन ओळींत एक अक्षर बदलावे लागले नाही. आवृत्ती बदलली आणि त्याच ओळींचा अर्थ अधिक सखोल झाला. लिहिणाऱ्याने न लिहिताच आपली रचना समृद्ध होत जावी, हे भाग्य किती लेखनाच्या वाट्याला येते?

या भाग्यामागे काही थोड्या माणसांचे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत, आणि मुक्तस्रोताचे हे ऋण बेंगळुरूला उमगू लागले आहे. मुक्तस्रोताचा प्रसार करणाऱ्या फॉस युनायटेड या संस्थेचे इंडियाफॉस संमेलन येथल्या निमहान्सच्या सभागृहात भरते. येथल्याच झीरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. प्रमाणपत्रे आपोआप सांभाळण्याचे कॅडीसारख्यांचे काम पुढे अधिकच निकडीचे होणार आहे. ब्राउझर आणि प्रमाणपत्र संस्थांनी मिळून ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून कोणतेही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांहून अधिक काळाचे देता येणार नाही. हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपत आले आहेत. तेव्हा आपल्यापैकी ज्यांची संकेतस्थळे अशा सर्व्हरवर उभी आहेत, त्यांनी एकदा त्याचा कोड उघडून वाचावा, दोष दिसला तर नीट लिहून कळवावा, आणि कंपनीच्या वार्षिक खर्चात अशा प्रकल्पासाठी एक रक्कम आवर्जून मांडावी.