शेजार आणि समुद्राचे पाणी

डॅनियल आल्ड्रिच यांचे ‘बिल्डिंग रेझिलिअन्स’ हे इंग्रजी पुस्तक २०१२ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढले. आपत्तीनंतर एक वस्ती लवकर सावरते आणि दुसरी वर्षानुवर्षे रखडते, असे का? पैसा किंवा नुकसानीचे प्रमाण यांपेक्षा माणसामाणसांतील संबंध निर्णायक ठरतात, असे लेखकाचे उत्तर आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात मानो वस्तीतील रहिवाशांनी हातोहात बादल्या पुढे देऊन आगीशी झुंज दिली. मिकुरात लोक जळती घरे पाहत उभे राहिले.

पुस्तकाचा खरा कस तामिळनाडूच्या प्रकरणात लागतो. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर ज्या मच्छीमार गावांत जातपंचायत भक्कम होती, तेथे मदत लवकर पोहोचली. पण याद्या तीच पंचायत करी! त्यामुळे दलित, विधवा अशा पंचायतीत स्थान नसलेल्यांची नावे अनेकदा गळली. एकोपा कोणाचा आणि कोणाला वगळून, हा प्रश्न लेखक टाळत नाही, हे विशेष.

मोजमापाचे काय? तामिळनाडूत कुटुंब किती लग्नांना व अंत्यविधींना गेले, तर न्यू ऑर्लिन्सला मतदान किती झाले, हे संबंधांचे माप धरले आहे. दोन्हींतून एकच गुण मोजला जातो हे कशावरून? शिवाय ज्याची स्थिती बरी, तोच जास्त लग्नांना जाणार. कार्य कोणते आणि कारण कोणते, हे येथे सुटत नाही.

मोठी उणीव वेगळीच. पुस्तक पाणी ओसरल्यानंतरचे आहे. पाणी येण्यापूर्वीचे फारसे नाही. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे गेली. त्यानंतर तेथे गावोगावच्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. भोंगे घेऊन ते दारोदार इशारा देत. तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,००० बळी गेले, कारण इशारा कळला तरी जायचे कोठे? पुरेसे निवारे नव्हते. पुढे निवारे वाढले. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये बळींची संख्या सुमारे ३,४०० होती. हाक मारणारा शेजारी हवाच, पण चालत गाठता येईल अशी उंच, पक्की इमारतही हवी. किनाऱ्यावर अशी इमारत पुष्कळदा शाळेचीच असते, म्हणून शिक्षकांनी हे पुस्तक वाचताना आपल्या शाळेच्या जोत्याची उंचीही मोजावी. संख्याशास्त्रीय तक्ते गाळले तरी चालतील. तामिळनाडूचे प्रकरण मात्र वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना मराठीत सांगावे.