कांद्याची चाळ, माणसांची चाळ

'बटाट्याची चाळ' मराठी वाचकाला पाठ असते. कांद्याची चाळ पाहायची तर चाकणच्या पुढे, खेड तालुक्यातल्या शेतांकडे जावे लागते. गेली काही वर्षे मी चिंचवडहून त्या बाजूला वरचेवर जातो. त्यातून माझे एक मत बनले आहे आणि वास्तुकलेवर लिहिणाऱ्याने ते उघड मांडणे जरा धाडसाचेच आहे: या औद्योगिक पट्ट्यात सर्वांत विचारपूर्वक बांधलेली वास्तू कांद्यासाठी आहे.

उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि तो पुढे दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकवायचा असतो. काढल्यावरही कांद्याचा श्वास चालू असतो. ऊब आणि ओल कोंडली की त्याला कोंब फुटतात किंवा सड लागते. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो आणि खालून हवा खेळावी म्हणून त्यात फटी ठेवलेल्या असतात. बाजूंना भिंती नसतात, बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्या असतात. कांद्याचा थर पाच फुटांपलीकडे जाऊ द्यायचा नाही, कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवायची. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दोनपाखी पूर्व-पश्चिम. छपराला लोखंडी पत्र्यापेक्षा कौले बरी, कारण पत्रा तापतो. पावसाची झड आत येऊ नये म्हणून छप्पर बाजूंनी पुढे काढायचे. एवढे केले की वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. कांदा व लसूण संशोधन केंद्र १९९८ साली नाशिकहून राजगुरुनगरला आले. आज ते संचालनालय आहे आणि साठवणुकीच्या रचना हा तिथल्या अभ्यासाचा विषय आहे. अशा चाळीला सरकारी अनुदानही मिळते.

याच शेतांच्या कडेला दुसऱ्या चाळी उभ्या आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग भोसरी, तळवडे करत कारखाने चाकणला पोचले. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांत उरलेल्या तुकड्यावर शेतकऱ्याने भाड्याच्या खोल्या काढल्या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, पुढे दार, मागे बहुधा शेजारच्या ओळीची भिंत. लातूर, नांदेड, परभणीची मुले इथे राहतात, बिहार, ओडिशाचीही. कांद्यासाठी नको म्हणून सांगितलेले छप्पर माणसांना चालते.

भाकरीपुरते बोलू. ज्वारीचा दाणा नीट वाळवून ठेवला तर वर्षभर राहतो, पीठ मात्र काही आठवड्यांत जुने होते. त्याची विरी जाते, ते कडवट लागते आणि भाकरी थापताना तुटते. म्हणजे भाकरी खायची तर घरात पोतेभर धान्याला कोरडी जागा हवी. थापायला बैठक हवी आणि फुगवायला उघडी आंच हवी, तिची धग बाहेर जाईल अशी खिडकी हवी. खोलीत यातले काहीच नसते. गावाकडून पोते येऊ शकते, पण ते ठेवायचे कुठे? मग आई पाच किलो पीठ पाठवते, ते पंधरवड्यात संपते किंवा बिघडते, आणि मुलगा मेसच्या चपातीवर येतो. 'तरुण पिढीची आवड बदलली' हे यावर आपले ठरलेले उत्तर. त्यात आवडीचा भाग किती आणि बांधकामाचा किती, हे कुणी वेगळे करून पाहत नाही.

हे वेगळे करून पाहायला मला उत्तर ध्रुवाकडच्या एका लोकसमूहाचा उपयोग झाला. कॅनडाच्या सरकारने साठच्या दशकात इन्युइटांसाठी जी घरे बांधली, त्यांचे स्वयंपाकघर दक्षिणेतल्या शहरांचे होते: ओटा, कपाटे, टेबल. सील किंवा कॅरिबू त्या ओट्यावर मावत नाही. घरोघरी पुठ्ठा अंथरून जमिनीवरच जनावर मांडले जाते, बायका उलू नावाच्या अर्धगोल सुरीने ते कापतात आणि सगळे भोवती बसून खातात. अलास्कातल्या इन्युपिआत लोकांची व्हेलच्या मांसाची तळघरे कायम गोठलेल्या जमिनीत खणलेली असतात. ती जमीन आता वितळू लागल्याने काही तळघरांत पाणी शिरते. पण नुसते हळहळणे पुरेसे नाही, हेही तिथेच दिसते. क्युबेकच्या नुनाविक भागात गावाचे सामाईक शीतगृह असते. शिकाऱ्यांनी आणलेले मांस तिथून गावाला मिळते. अलास्कात कॉट्झेब्यू इथे एका छोट्या इमारतीत पारंपरिक शिकारीचे मांस तपासून, कापून वृद्धाश्रमात पाठवतात. म्हाताऱ्यांना त्यांचे जेवण पुन्हा मिळाले, ते त्या इमारतीमुळे आणि २०१४ साली बदललेल्या कायद्यामुळे.

आपल्याकडे नियम आहेत, पण ते वेगळेच काही मोजतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या हिशेबात स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर हवे, रुंदी १.८ मीटर. स्वतंत्र कोठीघर दिले तर स्वयंपाकघर ४.५ चौरस मीटरवर आणता येते. बिल्डर कोठीघर देत नाही, हे सांगायला नको. पिंपरी-चिंचवड महापालिका 'गृहा' मानांकनाच्या हरित इमारतींना सवलत देते, आणि ते योग्यच आहे. त्या मानांकनाचा भर मात्र ऊर्जा, पाणी आणि कचऱ्यावर असतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौरबंब आले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. त्याच उन्हाळ्यात आईने कुरडयांचे कापड तिथे अंथरले, तर दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नोटीस लागली: गच्चीवर खाद्यपदार्थ वाळवू नयेत. पाणी तापवणारे ऊन पर्यावरणपूरक ठरले आणि कुरडया वाळवणारे गैरसोयीचे.

जुन्या वाड्याकडे परत चला, असे मी म्हणत नाही. माझ्या आजोळी भिंतीत धान्याचे बळद होते, माजघरात शेणामातीने लिंपलेली कणगी होती, आणि त्याच घरातल्या चुलीच्या धुराने आजीचे डोळे गेले. त्या घरात धान्याची जितकी काळजी होती तितकी तिची नव्हती. वाड्यांवर गहिवरून लिहिणारे आमचे समीक्षक महिरपी आणि कोरीव खांब पाहतात. बळदाचे तोंड कुठे होते आणि धूर कुठून जात होता, हे क्वचित पाहतात. हा दोष माझ्याही जुन्या लेखांत आहे.

गेल्या मे महिन्यात कुरुळीच्या बाजूला एका शेतकऱ्याशी बोलणे झाले. त्याची कांद्याची चाळ आणि भाड्याच्या बारा खोल्या एकाच बांधाला लागून आहेत. चाळीला खालून हवा, खोल्यांना मागे खिडकीसुद्धा नाही, असे का, हे मी विचारले. माणूस सरळ होता, रागावला नाही. "कांदा सडला तर पैसं माझं जात्यात," तो म्हणाला. मग थोडे थांबून त्याने शेवटच्या खोलीपलीकडची जागा दाखवली. तिथे परभणीच्या दोन कुटुंबांनी चार विटा आणि जुन्या पत्र्याचा आडोसा करून चूल मांडली होती. खोलीत भाकरीची धग सोसत नाही, म्हणून त्यांनी विचारले आणि त्याने हो म्हटले. भाडे वाढवले नाही. ज्वारीचे पोते मात्र त्याच्या कांद्याच्या चाळीत, एका रिकाम्या कप्प्यात ठेवलेले होते. तिथे ते कोरडे राहते, असे तो म्हणाला.

आईच्या यंदाच्या कुरडयाही मी तिकडेच, मावशीच्या अंगणात वाळवून आणल्या.